बसलिंगप्पाची मोटर आणि माझा कायमचा पत्ता

...न्हाय, न्हाय, मला शांत बस म्हणू नका! तुमाला सांगतो, सोडणार न्हाय मी त्या बसलिंगप्पाला! शेजारी हाय, भिंतीला भिंत हाय, त्याच्या घरची आमटी माझ्या घरी येते, सगळं कबूल... पण पाणी? आता सोलापूरचं पाणी तुमाला काय सांगायचं? रोज येत न्हाय, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी कवा येईल ते नळालाबी म्हाईत न्हाय! मी टॉवेलच्या कारखान्यात, बायको रेश्मा युनिफॉर्म शिवायला, घराला कुलूप. मग नळ उघडा सोडायचा, खाली पिंप लावायचं आणि जायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर पिंपात काय? एक पाल! कारण हा बसलिंगप्पा सरळ नळालाच मोटर जोडतो की ओ! त्याची मोटर घर्रर्र, माझा नळ फुस्स! पाणी त्याच्या टाकीत, वारं माझ्या पिंपात! तुमी म्हणाल, तूबी घे की मोटर. घेतो व्हय? नियमात बसत न्हाय, तत्त्वाचा माणूस हाय मी! आणि त्याला विचारलं तर कसा बोलतो, एकदम मवाळ, "मोटर? छे छे, धोंडीरामअण्णा, शपथ! आमचा मिक्सर असंल की." मिक्सर? दिवसभर हा माणूस काय वाटतो ओ?

म्हटलं, सोडणार न्हाय. पुराव्यानिशी धरणार, चारचौघात तोंड काळं करणार!

आमच्या ओळखीच्या आवेजच्या मोबाईल दुकानातनं कॅमेरा आणला. जुन्या मॉडेलचा, पण चित्र झ्याक! दोन्ही घरचे नळ दिसतील असा भिंतीवर ठोकला. घरात बसून मोबाईलवर बघितलं, अगदी नळाची तोटी दिसतीय. पण मी घरात असताना हा मोटर लावतोय व्हय? आणि कारखान्यातनं बघाय गेलो की पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय! गेलो परत आवेजकडं. तो गालात पान धरून म्हणतो, "मामू, पोर्ट फॉरवर्डिंग करना पडता." म्हटलं, मंजी काय बाबा? "मंजी राउटर आपके घर का दरवाजा. बाहर से कोई आया तो उसकू बोलना, कॅमेरा इस कमरे में है, सीधा जाओ. पर कॅमेरे का नंबर कायम का होना!" कारण आमच्या राउटरची खोड बगा, लाईट गेली आणि आली, की घरातल्या सगळ्या वस्तूंना नवे नंबर वाटायचे. काल सात नंबर कॅमेऱ्याला, आज तोच टीव्हीला! मग बाहेरनं आलेला माणूस जाणार कुटं?

बसलो संध्याकाळी राउटर मांडीवर घिऊन. शेजारच्या भरल्या टाकीतनं पाणी सांडल्यालं ऐकू येतंय... थांब लेका, म्हटलं, थांब! पडदा विचारतोय, कॅमेऱ्याला कुठला नंबर देऊ? आता तुमीच सांगा, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीला नंदीध्वज सात, पण पहिल्याचा मान वेगळा का न्हाय? मग जो माझा सूड घेणार त्याला मागचा नंबर देऊ व्हय? मानाचा एक नंबर! ठोकला एक! आणि घरातलं नेट गपकन मेलं की ओ! रेश्माची मालिका नेमकी सासूच्या वटारलेल्या डोळ्यांवर थांबली, आणि हिचे डोळे माझ्यावर. "काय केलासा ओ? चांगलं चाललेलं तुमाला बघवत न्हाय का?" आवेजला फोन लावला तर तो खो खो हसतोय, "अरे मामू, एक नंबर तो खुद राउटर का रहता!" मंजी बगा, घरच्या मालकाचा पाट मी पाहुण्याला दिला! मग गुमान पन्नास नंबर दिला.

तरी बाहेरनं दिसंना! नेटच्या कंपनीला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणती, "सर, आपला इंटरनेटचा बाहेरचा पत्ता शेअरिंगमध्ये आहे, बऱ्याच घरांना मिळून एकच." शेअरिंग? नळात शेअरिंग, पत्त्यातबी शेअरिंग? म्हटलं, ताई, मला माझा एकट्याचा पत्ता द्या. मरेपर्यंत बदलायचा न्हाय असला! "सर, स्टॅटिक आयपी आपल्याला कशासाठी हवा आहे?" म्हटलं, सुडासाठी. "ओके सर, घरगुती वापर टाकते."

मिळाला! कारखान्यात उभं राहून मोबाईल उघडला आणि माझा नळ समोर! डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो, नळाला न्हवतं पण डोळ्यात आलं. लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "पाणीचोर लाईव्ह बघा!" खाली पत्ता, नाव, पासवर्ड. पासवर्ड दुकानातनं आला तसाच ठिवलेला, ग्रुपवर म्हातारी माणसं हायत, त्यांना अवघड नको. त्याच ग्रुपवर बसलिंगप्पाबी हाय हे मात्र सुडाच्या भरात डोक्यातनं गेलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातनं बघतोय, तर नळाला पाणी आलं. आणि आला की ओ बसलिंगप्पा! बनियनवर, एका हातात मोटर, दुसऱ्या हातात मोबाईल... मोबाईलवर काय बघतोय? माझाच कॅमेरा! वर कॅमेऱ्याकडं मान करून मला हात केला आणि मोटर जोडली! म्हटलं, कर हात, सगळी कॉलनी बघायलीय तुला. आता बग ग्रुपवर कशी थू थू होतीय! पहिला मेसेज आला, आमच्या गल्लीतल्या सुंदरम्मांचा, आवाजातला, "नीर बंतू! नीर बंतू!" पाणी आलं, पाणी आलं! दुसरा, "आभारी हाय धोंडीरामभाऊ, कॅमेऱ्यात पाणी आल्यालं दिसलं, लगेच मोटर चालू केली." तिसरा, "आमीबी केली." मग अंगठे, जोडलेले हात, फुलं... आणि कॅमेऱ्यात गल्लीभर घर्रर्र! माझा नळ? फुस्स!

बसलिंगप्पाला कोण बोललं? बोलणार कोण, घरोघरी मोटरी! उलट त्यानंच लिवलं, "अण्णांनी लई मोठं काम केलं." पासवर्ड बदलतो म्हटलं तर सुंदरम्मा दारात हजर, "बदल की, बदल! तुज्या बायकोच्या हळदीकुंकवाला कोण येतंय ते बगते." रेश्मा तर त्यांच्याच बाजूनं, "पहिल्यांदाच लोक तुमाला नमस्कार करायलेत, गप बसा की." आणि लोकांच्या फर्मायशी! "भाऊ, कॅमेरा जरा खाली घ्या, बसलिंगप्पाचं पोट आडवं येतंय, नळ दिसंना."

तरी सोडणार न्हाय मी त्याला! आजबी कारखान्यातनं बघाय गेलो. तर कॅमेरा म्हणतो, एवढ्या जणांना दाखवता येत न्हाय, नंतर या! माझा कॅमेरा, माझं दार, माझा एकट्याचा कायमचा पत्ता, आणि मलाच आत जागा न्हाय! मग काय करतो... बसलिंगप्पालाच फोन लावला. म्हटलं, "बाबा, बगून सांग की जरा... माझ्या नळाला पाणी आलंय का?"