चंपाषष्ठीचं भरीत

मंडळी, एक सांगा — देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखला, तर ते पाप की पुण्य? नुसत्या माना हलवू नका, तोंडानं बोला! पाप म्हणता? बरं. मग ऐका.

चंपाषष्ठी. खंडोबाचा सण. चातुर्मासात बंद केलेलं वांगं त्या दिवशी सुटतं — भरीत-रोडगा आधी देवाला, मग आपल्याला. हौसाबाई टिळेकरांच्या घरी सगळं कुटुंब गोळा झालेलं, तीस पानं! भरीत दरसाल हौसाबाईंच्याच हातचं. सून मंदा, लग्नाला अकरा वर्षं झाली, तिच्या वाट्याला फक्त वांगी भाजणं. धूर तिला, नाव सासूला!

पण त्या साली थोरल्या लेकीनं, लीलाबाईनं, ओसरीवर सगळ्यांदेखत बोलून दाखवलं — आई आता विसरते, यंदा भरीत बिघडलं तर चूल मंदाकडे. हौसाबाईंनी ते आतून ऐकलं. भांड्यांच्या आवाजातही ऐकू येतं हो, आपल्याबद्दल असलं की!

मंदा परसातून हात धुऊन आली, तर म्हातारी परातीपुढं बसलेली. मुठीत मीठ, आणि मूठ भरतावर तशीच अडलेली.

"मंदे," ती हळूच म्हणाली, "मीठ घातलं का गं मी?"

मंदाला काय माहीत? आता बघा हं — तिनं नुसतं 'नाही' म्हणायचं, मीठ दुसऱ्यांदा पडायचं, भरीत खारट, की चूल तिची! अकरा वर्षांची इच्छा पुरी. तुम्ही काय केलं असतं?

मंदानं भरताला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. "आहे मीठ, आत्याबाई. बेताचं आहे."

आणि दारात लीलाबाई! नैवेद्य उष्टा केला म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं, मंदाचं माहेरसुद्धा काढलं. मंदा खाली मान घालून उभी. सासूचं नाव काही तिनं घेतलं नाही.

हौसाबाई गप्प बसल्या असत्या तर सुटल्या असत्या, बरं का. पण त्या उठल्या.

"माझ्या ध्यानात राहत नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "मी घाबरले, म्हणून तिनं चाखलं. देवाला एक वांगं वेगळं भाजते, तोवर थांबा. आणि पुढल्या साली मीठ मंदा घालील. मी नुसती शेजारी बसेन."

एका वांग्यापायी तीस माणसं ताटकळली! खंडोबाही थांबला. त्याची काही तक्रार नव्हती, पोटं आपलीच ओरडतात.

तर पाप की पुण्य? मंदानं नैवेद्य उष्टावला, खरं आहे. पण देवाला दुसरं वांगं मिळालं. हौसाबाईंना दुसरी मंदा कुठून मिळाली असती?

मंडळी, सणाला भाजी खारट लागली की आपण पानावरून ओरडतो. लगेच! आणि ती माउली आत एकटी घाबरून बसली होती, तेव्हा आपण कुठं होतो? ओसरीवर — जेवायला किती वेळ आहे, विचारत! यंदा पाट मांडायच्या आधी आत जा. तिच्याजवळ बसा, तिला काय आठवत नाही ते तिच्या तोंडून ऐका. मग या देवापुढं. देव थांबेल तेवढा.