डॉक्टरकाकांचं निदान

आमच्याकडे नियमच होता, डॉक्टरकाकांना उलट विचारायचं नाही. मी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेले म्हणून अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, कडाक्याचं भांडण झालं, तर त्यांनी गिरगाव नाक्यावरून काकांनाच बोलावून आणलं. माझी नाडी धरून काका म्हणाले, “हिस्टेरिया! कॉलेज बंद करा, लग्न उरका, बरी होईल.”

“काका, हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलाय,” मी म्हटलं. “ते अंगभर भटकतं म्हणून बाई आरडाओरडा करते, असं ग्रीकांना वाटायचं. तुम्ही डॉक्टर ना? माझं कुठवर पोचलंय, सांगा.”

आईने पदर तोंडाला लावला.

“अण्णा, मी कॉलेज सोडणार नाही आणि लग्नही करणार नाही.”

अण्णांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आपल्या बॅगेत. मग काका बॅग मिटून उठले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.