हसऱ्या चेहऱ्याचे गुण

—नाही नाही, उठू नका हो, बसा. बाक काय माझ्या बापाचा आहे? फक्त त्या दोरीच्या पुढे जाऊ नका, ते पंच वसकन अंगावर येतात. इथूनच बघा. ती तिसऱ्या चटईवरची, निळ्या कपड्यातली, घट्ट अंबाडा — ती माझी. बुल्टी. शाळेत मधुश्री, पण मधुश्री म्हणून हाक मारलीत तर वळून बघायची नाही. चौदावं लागलंय. आणि तुमची? ही मांडीवर पेंगतेय ती? सात वर्षांची? अगं बाई, मग उशीरच केलात की दीदी! हाडं कोवळी आहेत तोवरच वळतात. घाला, घाला आमच्या व्यायाम समितीत, मी पल्टूदांना सांगते. पल्टूदा म्हणजे आमचे मास्तर. तोंडानं फटकळ, पण हात सोन्याचा. आमचीच बघा ना, सकाळपासून कशी हसतेय. एरवी योगासनांच्या स्पर्धेच्या दिवशी तोंड एवढंसं होतं. आज भद्रेश्वरहून निघालो, पौषातलं हे धुकं, पुढे बाप टोटो, म्हणजे आमची बॅटरीची रिक्षा, चालवतोय, तुमच्या चुंचुड्याचे रस्ते म्हणजे नुसते खड्डे — आणि ही बाई माझ्या शेजारी बसून हसतेय. गाडी दणकन आदळली तरी हसतेय. म्हटलं चला, आज आपलं घोडं गंगेत न्हालं.

घ्या ना, मुरमुरे घ्या. गोड म्हणून खजुराच्या गुळाचा संदेशपण आणलाय, पण तो तिचं झाल्यावर. तर मी काय सांगत होते — हो, सुरुवात. सुरुवात माझ्या सासऱ्यांनी केली. बुल्टीला लहानपणी दमा होता. रात्र रात्र छाती वाजायची हो, ती झोपायची नाही आणि मी तिच्याकडे बघत बसायची. सासऱ्यांना जुना नाद योगाचा. तागाच्या गिरणीत उभा जन्म गेला त्यांचा, त्या धुळीत, पण म्हाताऱ्याची छाती अजून ठणठणीत. ते तिला पहाटे गच्चीवर न्यायचे. मी तिथेच सांडगे घालायची, मला सगळं ऐकू यायचं. डोळे मीट, म्हणायचे, श्वास कुठे अडतोय ते बघ, त्याच्याशी भांडू नको. सावकाश वाक. आणि एकच नियम — तोंड आवळलं की थांबायचं. अंग दुखलं की आधी तोंड सांगतं, म्हणायचे. हिनं जरा भुवई चढवली की लगेच, सोड, झालं आजचं. खोटं कशाला बोलू, दोन हिवाळ्यांत दमा गेला. नुसता दमा नाही, पोर शांत झाली. रडकी होती, ती गच्चीवर मांडी घालून एकटी बसायची, चिमण्या अगदी जवळ यायच्या तिच्या. विचारलं, काय करतेस गं? तर म्हणे, काही नाही मा, बरं वाटतंय.

बरं वाटतंय! बरं वाटून पोट भरतं का दीदी? तुम्हीच सांगा. गिरणीला कुलूप लागलं, ह्यांची नोकरी गेली, टोटो घेतली ती पण कर्जानं. आणि तेव्हाच पल्टूदांनी हिला दुर्गापूजेच्या मांडवात बघितलं, कमान टाकताना. धावत आले घरी. म्हणाले, बौदी — मला वहिनीच मानतात ते — ही पोरगी म्हणजे रबर आहे, हिला गच्चीवर काय सडवताय? राज्यात नंबर आला की खेळाडूंच्या जागेवर पोलिसात नोकरी, सरकारी, पेन्शनसकट. आज हेच ठरतंय. आज पहिल्या तिघींत आली की ती राज्याला जाणार. नाही आली तर पुढच्या वर्षी वय निघून जातंय ह्या गटातनं. म्हणून म्हणते, आजचा दिवस माझा जीव घेतोय.

आसन तर कुठलीही पोर करते हो. गुण जातात चेहऱ्यावर. तुम्हाला माहीत नाही? हो, चेहऱ्याला गुण असतात! अंग थरथरलं की कापतात, श्वास फुलला की कापतात, आणि कपाळाला आठी पडली की संपलंच. प्रसन्न दिसायला पाहिजे. गेल्या वर्षी हिचा नंबर त्यात गेला. मग मी काय केलं, कपाटाच्या आरशासमोर उभी केली. रोज. पाय डोक्यावर, आणि हस. ओठ सैल, दात थोडेसेच, डोळे शांत — हस. रडायची. रडत रडत हस म्हटलं. शिकली! आता बघा, पंचांना वाटतं पोर स्वर्गात आहे. सासरे तेव्हापासून गच्चीवर जात नाहीत. मला म्हणाले, सूनबाई, आता हिच्या तोंडावरनं मला काही कळत नाही, मी हिला शिकवणार नाही. बोलतच नाहीत माझ्याशी. जेवायला वाढलं की ताट घेऊन आत जातात. म्हाताऱ्यांचं काय, त्यांना पेन्शन पण नाही आणि पर्वा पण नाही.

थांबा — झालं का भुजंगासन? झालं. छान केलं. बघा, हसतेय.

कंबरेवर? ती पट्टी होय. कपड्याखालून दिसतेय का इथूनसुद्धा? पंचांना दिसली नाही म्हणजे मिळवली. काही नाही हो, जरा उसण भरलीय. दुर्गापूजेपासून. खाली वाकून चप्पल घालता येत नव्हती, मीच घालायची. पल्टूदा म्हणाले, स्नायू धरलाय, तेल चोळा. चोळलं. मग एकदा नेलं दवाखान्यात, ह्यांना न सांगता. डॉक्टर काय, त्यांचं कामच घाबरवायचं. म्हणाला मणक्याला चीर गेलीय, मागे वाकणं बंद, एकदम बंद, नाहीतर एक दिवस पाय जातील. म्हटलं, फक्त पौषापर्यंत. तर मलाच ओरडला. पल्टूदांना नाही सांगितलं मी. सांगितलं असतं तर त्यांनी नाव काढलं असतं. मग? आठ वर्षं पाण्यात? सकाळी गोळी दिलीय ना तिला, दोन दिल्यात.

असं काय बघताय माझ्याकडे? मी काय सावत्र आई आहे? माझ्या पोटचं पोर आहे ते. तिला टोटोवाल्याची पोर म्हणून टोटोवाल्याच्याच घरी द्यायची का? तुमचं बरंय, तुमच्या गळ्यात दोन पदरी सोनं आहे. आणि खूप दुखत असतं तर बोलली असती ना ती! इतकं कुणी सोसतं का? बोलली असती. म्हणजे — बोलत नाही ती, मीच सांगितलंय, दुखलं की बोलायचं नाही, हसायचं. जितकं दुखेल तितकं हसायचं. पण ते चटईवर हो. चटईवर. घरी थोडंच—

टोटोत...

नाही, ती खूश होती. खूश होती म्हणून हसत होती. दर खड्ड्याला... मी म्हटलं ना तुम्हाला, गाडी आदळली की... गोळी दिली तेव्हापण हसली. चप्पल घातली तेव्हा पण.

बसा, कुठे निघालात? मधे बोलायचं नाही पंचांना, बाद करतील तिला! शेवटचं आसन आहे, गंडभेरुंड, एवढंच राहिलंय. बघा, हनुवटी जमिनीला, छाती जमिनीला, आता कंबर उलटी वळेल आणि पाय वरून पुढे — आले. पावलं कानांपाशी टेकली. अलगद. काय सुंदर आलंय! बाकीच्या दोघी बघा, थरथरताहेत. आमची नाही. दगडासारखी. श्वास सोड गं राणी. आता घंटी होईल, मग उतरायचं.

झाली घंटी. त्या उतरल्या. आमची जरा सावकाश उतरते, तिला सवय आहे. टाळ्या बघा किती वाजताहेत. उतर की आता. पल्टूदा पण हात करताहेत. पाय — पाय उचल ना बुल्टी. दीदी, ती पाय का उचलत नाही? तोंड तर हसतंय तिचं. माझ्याकडेच बघतेय. दोरी काढा, सरका हो, मला जाऊ द्या, मी आई आहे तिची — बुल्टी, बाळा, झालं, संपलं सगळं, आता हसू नको. माझं ऐक गं. हसू नको.