पेडल दाबायला माणूस

अरे, जुन्या गाडीच्या ब्रेकचं काम एकट्याने होतच नाही! रविवारी आमच्या शिवाजी पार्कच्या बिल्डिंगखाली मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या गाडीचे गळके ब्रेक सिलिंडर बदलले. आता लाइनमधली हवा काढायची. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून पान्याने नट सैल करून ऑइल सोडायचं. घरात होते फक्त अण्णा. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केल्यापासून ते गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"अण्णा, नुसतं पेडल दाबायचंय."

"आलो," म्हणाले, आणि आले ते इस्त्रीचा शर्ट अन् बूट घालून. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, वर बेल्टही लावला.

"अहो, गाडी जॅकवर आहे!"

"तू तुझं काम कर रे."

दाबा, धरा, सोडा. असं करत करत ऑइलमधले बुडबुडे थांबले. पेडल एकदम कडक झालं, म्हणजे हवा सगळी निघाली.

आतून हळूच आवाज आला, "झालं का रे? उतरू?"

मी पाना पुन्हा नटाला लावला.

"छे हो अण्णा, अजून बरीच हवा आहे. दाबा."