प्रात्यक्षिकाच्या वेळचा वेग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य आदरणीय विष्णुपंत. कृष्णाकाठ इंटरनेट सेवेचे संस्थापक माननीय लालासाहेब. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे सुमंत सर. व्यासपीठावरील मान्यवर, सांगली, विटा, साताऱ्याहून आलेले ग्राहक आणि माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी माया. आपल्यापैकी बहुतेकांनी मला आज प्रथमच पाहिले असेल, पण आवाज ओळखीचा वाटेल. ‘लाइन का तुटली?’ असे आपण फोनवर जिला विचारता, ती मी. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेचे भाषण मी लिहून देत असे आणि ते म्हणायला दुसरी मुलगी उभी राहत असे. आज ती सोय नाही. कागदावरून वाचते आहे, राग मानू नये.

सुमंत सर घरगुती कारणास्तव जात आहेत, असे प्रास्ताविकात सांगण्यात आले. सभागृहात हळू आवाजात दुसरेही कारण ऐकू येते, की सरांच्या हलगर्जीपणामुळे माधवनगरच्या दवाखान्याचे काम बिघडले. पुढच्या आठवड्यात ग्राहक मंचासमोर त्या दवाखान्यातले रुग्ण जालिंदरभाऊ यांच्या तक्रारीची सुनावणी आहे. तिथेही आपली कंपनी हेच सांगणार आहे. तेव्हा सरांच्या गुणांचे वर्णन करण्याआधी ती दुपार आपल्यापुढे ठेवणे मला भाग आहे. अध्यक्ष महोदय, मी फार वेळ घेणार नाही.

आधी वेगाविषयी थोडे. आपल्या जाहिरातीत ‘विजेचा वेग’ असे छापले होते. विट्याचे नाथाजी, ज्यांच्या मुलांची परप्रांतात सोने गाळण्याची दुकाने आहेत, ते एकदा मला फोनवर म्हणाले, “आवं ताई, पेपरात वीज म्हणून छापलंय, आन् हितं तर म्हस बी फुडं गेली.” मी हसले. सरांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. ते म्हणाले, “माया, विट्याला एकच एस.टी. सुटते आणि आपण तिची तिकिटे साऱ्या जिल्ह्याला विकली आहेत. माणसे दारात लोंबकळणार नाहीत तर काय?”

ती एस.टी. म्हणजे बाहेरच्या जगाशी आपल्याला जोडणारी एकमेव लाइन. तिचे भाडे इतके जबर, की दुसरी घ्यायची तर ग्राहकांचे दर दुप्पट करावे लागले असते. ते आपल्यापैकी किती जणांनी सोसले असते? लालासाहेबांनी सुताच्या धंद्यातले सारे यात घातले. त्यांना खोटेपणाची हौस होती, असे मी म्हणणार नाही. मुंबईचा वेग हवा आणि सांगलीचा दर हवा, हे मागणे मी रोज ऐकत होते.

मग नवे ग्राहक येत कसे? प्रात्यक्षिक पाहून. पाहुणे कार्यालयात बसत, चहा येई, आणि आतल्या खोलीत सुमंत सर बाकी सर्व ग्राहकांच्या जोडण्या तोडत. रिकाम्या झालेल्या लाइनवर पाहुण्यांसमोर चित्र क्षणात उघडे. त्या वेळी आलेल्या तक्रारींना ‘लाइनमध्ये बिघाड आहे’ असे उत्तर द्यावे, अशी मला सूचना होती. हे तोडणे मुद्दाम होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

माधवनगरच्या डॉक्टर विनोदिनी यांनी असेच एक प्रात्यक्षिक पाहिले आणि जोडणी घेतली. दोन महिन्यांनी त्यांच्याकडे यंत्रमागावर हात सापडलेले जालिंदरभाऊ आले. उजवा हात. डॉक्टरांनी पुण्याच्या तज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, हाताचे आणि क्ष-किरणाचे फोटो ताबडतोब ई-मेलने पाठवा. हात वाचण्यासारखा असेल तर लगेच निघा, नसेल तर त्या माणसाला प्रवासात हाल नकोत. डॉक्टरबाईंनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, फोटो पापणी लवायच्या आत जातो.

त्याच दुपारी पाचगणीच्या निवासी शाळांचे पाहुणे आपल्याकडे आले होते.

डॉक्टरांचा फोन मी उचलला. निम्मा फोटो गेला आणि लाइन तुटली, पुन्हा लागत नाही, समोर पेशंट आहे, असे त्या सांगत होत्या. मी धावत आतल्या खोलीत गेले. ऐकताच सर उठले आणि त्यांनी जोडण्या सुरू करण्यासाठी हात पुढे केला. दारात लालासाहेब उभे होते. ते म्हणाले, “पाव्हणं बसल्यात. दहा मिनिटं थांबा म्हनावं.”

सरांनी हात मागे घेतला. हे मी लपवत नाही. काल मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सांगायचे असेल तर हेही सांग.”

दहा मिनिटांचा एक तास झाला, कारण पाहुण्यांना आणखी चित्रे पाहायची होती. डॉक्टर फोन करत राहिल्या आणि आता होईल, आता होईल, असे मी त्यांना सांगत राहिले. नंतर जोडण्या सुरू झाल्या, तर खोळंबलेले सगळे ग्राहक एकदम त्या लाइनवर आले. फोटो पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागला. पुण्याचे उत्तर संध्याकाळी आले. दुपारी निघाला असतात तर हात वाचला असता, असे ते सुरू होत होते.

पंधरा दिवसांनी जालिंदरभाऊंच्या पत्नी अंजनाबाई कार्यालयात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, “भांडाय न्हाई आले, बाई. फोटू वाटंत कुठं आडाकला, तेवढं सांगा. घरात समदी इचारत्यात.”

सर बाहेर आले. त्यांनी बिघाड म्हटले नाही, सरकारी लाइनवर ढकलले नाही. “फोटो अडकला नव्हता, ताई. आम्ही अडवला,” असे म्हणून त्यांनी प्रात्यक्षिकाची सारी रीत त्यांना समजावून दिली. अंजनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “म्हंजे त्या येळंला लाईन चांगली हुती?”

सर म्हणाले, “सगळ्यात चांगली.”

त्या निघून गेल्या. त्याच संध्याकाळी सरांकडून राजीनामा मागून घेण्यात आला. घरगुती कारण ते हेच.

सर, आपण मला संगणक शिकवलात. इंग्रजी पुस्तकातले पान मराठीत समजावताना आपण कधी घाईला आला नाहीत. निरोपाच्या भाषणात हे सविस्तर सांगायचे असते. लिहूनही आणले होते. ते राहू दे. सुनावणीला आपण एकटे नसाल. त्या दुपारी फोन मी उचलला होता आणि मला कोणते उत्तर द्यायला सांगितले होते, हे मी मंचासमोर सांगणार आहे. लालासाहेब, उद्यापासून फोनजवळच्या माझ्या खुर्चीवर दुसरे कोणी बसवावे लागेल, याची मला कल्पना आहे. आपण मला पहिली नोकरी दिलीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे, आणि हे मी मनापासून म्हणते.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवले नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात मोठ्यांचा अधिक्षेप झाला असेल, शब्द चुकला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावे.

एकच विनंती आहे. माझे झाल्यावर कृपया टाळ्या वाजवू नयेत. जालिंदरभाऊ शेवटच्या रांगेत बसले आहेत.