पक्का झालेला नंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेक बसले होते.

"मोबाईलवर नंबर घेतलेल्या सगळ्यांना परत पाठवतायत. कुणी घातला हा घोळ?"

"आई, हळू बोल. मीच."

"तू?"

"बाहेरून आलेलं सगळं आधी गेटवेवर येतं, आणि तो ते ज्याच्या त्याच्या कंटेनरकडे, म्हणजे ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवतो. काल मी या दवाखान्याचा नवा गेटवे बसवला. बघायला म्हणून चाचणीच्या कंटेनरकडे वळवला, आणि परत खऱ्याकडे वळवायचा राहिला."

"मग यांना नंबर पक्का झाल्याचे मेसेज कसे आले?"

"चाचणीवाल्यानं पाठवले. काउंटरवर त्यातलं काहीच दिसत नाही."

"अगं बाई! आणि मी त्या आजोबांना म्हटलं, माझा मुलगा यातलाच आहे, त्याला विचारा."

"कशाला गं आई..."

"आले बघ ते."

"बाळा, जरा बघतोस? मेसेज तर आलाय. माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार."

"नाही आजोबा. तुमचं काही चुकलं नाही."

"मग एवढं माझ्या सुनेला फोनवर सांगशील? सकाळपासून मलाच बोलतेय."



"आजोबा, तुम्ही माझा नंबर घ्या," मधेच त्याची आई म्हणाली.

"छे हो! मुलानं रांगेत उभं राहून काढलाय तुमच्यासाठी."

"हो ना. सकाळी मी मोबाईलवरच घेत होते, तर यानं फोन हातातून काढून घेतला. का रे घेतलास?"