पहिला भात

शिरूरच्या फोटो स्टुडिओत, बाकावर माझ्या शेजारी कवठे येमाईचा एक म्हातारा आणि त्याची विधवा मेहुणी बसली होती.

"दाजी, अक्का मेली, आन् तिच्या जागी माझा फोटो धाडायचा? डोकं फिरलं का तुमचं?"

"चांगुणा, साहेबरावनं जपानातनं आईचा फोटो मागितलाय. त्यो ज्या म्हातारीकडं भाड्यानं ऱ्हातो, ती रोज सकाळी पहिला भात मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवती. बारकी घंटी वाजवती. मग बाकीची जेवत्यात."

"एवढाल्या मशिनी करणारी माणसं?"

"व्हय. आन् आपल्यावानी बुद्धाचीच."

"आपण धम्म घेतला तवाच पिंडबिंड सोडलं की."

"त्ये कावळ्यासाठी व्हतं. ह्ये आईसाठी हाय."

"दुष्काळी कामावर अक्काचा फोटो निघाला व्हता ना?"

"निघाला की! मधी पुढारी हाय. माझ्या भागीच्या, तुझ्या अक्काच्या, डोक्यावरची पाटी दिसती, तोंड न्हाई. तिचं तोंड पाहिजे व्हतं कुणाला?"

"साहेबराव वळखील मला."

"वळखू दे. म्हातारीनं नवऱ्याच्या फोटोशेजारी त्याला जागा दिलीया. पोरगं तिथं रिकाम्या भिंतीपुढं भात ठेवतंय गं."

"मी जित्ती हाय, दाजी."

"ठावं हाय मला."

"चला, काढा फोटो. मला ना पोर ना बाळ. मी मेल्यावर कोण ठेवणार हाय?"

"चांगुणा..."

"त्याला कळवा, भात वाईच जास्ती ठेव म्हणावं. दोघी हाय आम्ही."